चेसिस वाकली असेल तर गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी का?

वाचकांचे प्रश्न : दुचाकी आणि तिची निगा

प्रश्न : माझी १५० सीसीची मोटारसायकल तीन वर्षे चार महिने वापरातली आहे. गेल्या महिन्यात दिंडोरी रस्त्याने रात्री परत येताना, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ती समोरून आदळली. मला हाताच्या प्लास्टरवर निभावले, परंतु गाडीचे पुढचे चाक इंजिनाला टेकले आहे, शॉकअपचे दोन्ही पाईप वाकले आहेत आणि हेडलाइट व मडगार्ड फुटले आहेत. घराजवळच्या गॅरेजचे मिस्त्री म्हणतात की चेसिसला थोडा बेंड आहे आणि साखळी व जॅक लावून ती चार हजारांत सरळ होईल. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने नव्या चेसिससह ३८,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. विम्याच्या कागदावर गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, ६०,००० रुपये लिहिलेली आहे. वडिलांचे मत असे की स्वस्तात सरळ करून घ्यावी आणि विकून टाकावी. गाडी अजून कोणी उघडलेली नाही. टाकीखाली, हँडलच्या नळीच्या मागे, रंगाला आडवे बारीक तडे दिसतात. मी रोज कामाला सातपूरला जातो आणि महिन्यातून एकदा पत्नीला घेऊन कसाऱ्याचा घाट उतरतो. काय करावे?
एक वाचक, सिडको

उत्तर : आपल्या हाताला लवकर आराम पडो. आपण खर्चाचे आकडे सविस्तर दिले आहेत, परंतु ज्या गोष्टीवर सगळा निर्णय अवलंबून आहे, ती पत्राच्या शेवटी आली आहे, आणि ती म्हणजे टाकीखालचे तडे. म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करतो.

मोटारसायकल समोरून आदळते तेव्हा धक्का पुढच्या चाकातून शॉकअपच्या पाईपांत, पाईपांतून वरच्या आणि खालच्या ‘टी’मध्ये (दोन्ही पाईप धरून ठेवणाऱ्या जोडांमध्ये) आणि तेथून चेसिसच्या सर्वांत पुढच्या आखूड, जाड नळीत जातो. कोनसेटच्या, म्हणजे हँडलच्या बेअरिंगांच्या, आधाराने हँडल फिरते ते याच नळीत, आणि गॅरेजमध्ये तिला ‘हेड’ म्हणतात. पाईप सर्वांत आधी वाकतात, आणि बऱ्याच अपघातांत धक्का तेथेच जिरतो; अशा वेळी पाईप, टी आणि कोनसेट बदलले की गाडी पूर्ववत होते. धक्का त्याहून मोठा असेल तर हेड मागे रेटले जाते आणि त्याच्या लगतची, इंजिनासमोरून खाली उतरणारी नळी दबून तिच्यावर सुरकुती किंवा फुगवटा येतो. पोलाद जितके दबते वा ताणले जाते, तितका त्यावरचा रंग ताणला जात नाही, म्हणून तो नेमका त्या जागी तडकतो. आपल्याला दिसलेले तडे हे त्याचेच लक्षण असण्याची शक्यता मोठी आहे. ते रंगापुरते आहेत की खाली धातूलाही तडा आहे, हे कळेपर्यंत गाडी चालवू नये. सर्व्हिस सेंटरपर्यंत न्यायची असेल तरी टेम्पोत घालूनच न्यावी.

आता हे ठरवायचे कसे? डोळ्यांनी पाहून ‘थोडा बेंड आहे’ असे म्हणणे पुरेसे नाही, मोजणे आवश्यक आहे. विम्याचा सर्व्हेअर गाडी पाहून गेल्यानंतर, मिस्त्रींना हेड आणि समोरच्या नळीचा जोड रॉकेलने स्वच्छ धुऊन तेथला रंग थोडा खरवडायला सांगावे. धातूतला तडा शोधण्याची एक जुनी रीत आहे. त्या जागी पातळ तेल किंवा रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्यावे, ते पूर्ण पुसून घ्यावे आणि वर खडूची पूड भुरभुरावी. तडा असेल तर आत शिरलेले तेल बाहेर येते आणि पुडीवर ओलसर रेघ उमटते. हीच गोष्ट अधिक खात्रीने करणारी लाल रंगाची पेनिट्रंट चाचणी इंजिनिअरिंगच्या कारखान्यांत वेल्डिंग तपासण्यासाठी नेहमी वापरली जाते. आपण सातपूरला काम करता, तेव्हा ती करून देणारा जाणकार आपल्या ओळखीतच निघण्याचा संभव आहे. तडा सापडला तर पुढचे मोजमाप करण्याची गरज उरत नाही.

तडा नसेल तर सरळ असलेले पाईप तात्पुरते बसवून अंतरे मोजावीत. दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. हिरो स्प्लेंडर प्लसच्या बाबतीत, उदाहरणार्थ, ते १२३६ मिलिमीटर आहे. मात्र मागचे चाक चेन ताणण्यासाठी पुढेमागे सरकवता येत असल्याने या एका आकड्याने फसगत होऊ शकते. त्यापेक्षा चिमटा, म्हणजे मागचे चाक धरणारा भाग, चेसिसला ज्या बोल्टाने जोडलेला असतो, त्या बोल्टापासून पुढच्या आसापर्यंतचे अंतर डाव्या आणि उजव्या बाजूने मोजावे, आणि त्याच मॉडेलच्या, कधीही न पडलेल्या गाडीवर त्याच दोन बिंदूंमध्ये, त्याच स्थितीत, मेन स्टँडवर लावून मोजावे. अंतर दोन्ही बाजूंनी सारखेच कमी भरले तर हेड सरळ मागे गेले आहे. दोन बाजूंमध्ये फरक आला तर ते पिळलेलेही आहे. त्यानंतर मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरा ताणून पुढे न्यावा आणि पुढचे चाक दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मध्ये येते का, तसेच ते मागच्या चाकाशी उभ्या रेषेत समांतर आहे का, हे पाहावे. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वाकडी टी, वाकलेला आस किंवा आउट झालेली रिंग यांनीही चाक तिरके दिसते आणि दोष विनाकारण चेसिसवर येतो, म्हणून हे भाग आधी तपासून बाजूला काढावेत.

हेडविषयी मी इतके आग्रहाने लिहितो त्याचे कारण असे की गाडी सरळ धावते ती हेडच्या कलामुळे. हेडची मध्यरेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या पुढे पडते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात, आणि रस्त्यावरच्या बहुतेक मोटारसायकलींत ते सुमारे ९० ते ११० मिलिमीटर असते. पुढचे चाक धक्क्याने वळले तरी आपोआप पुन्हा सरळ येते ते या अंतरामुळे. समोरच्या धडकेत हेड मागे गेले की त्याचा कल अधिक उभा होतो आणि ट्रेल कमी होतो. मग सिडकोतल्या गल्लीत चाळीसच्या वेगाला काहीच जाणवत नाही, परंतु महामार्गावर वेग वाढला, मागे माणूस बसले आणि एखादा खड्डा लागला की हँडल थरथरू लागते. शिवाय पुढचा ब्रेक दाबला की लांब शॉकअपच्या टोकाशी निर्माण होणारे सगळे बळ तरफेप्रमाणे याच जोडावर येते. कसाऱ्याच्या उतारावर दोन माणसांचे वजन आणि सततचा ब्रेक म्हणजे त्या जोडाला रोजच्या कितीतरी पट ताण.

साखळी आणि जॅकने चेसिस ‘ओढणे’ मला मान्य नाही. ज्या मिस्त्रींनी ते सुचवले, त्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही. शंका त्या पद्धतीविषयी आहे. पोलाद वाकले की ते परत पहिल्या जागी आणण्यासाठी त्या जागेच्याही पलीकडे ओढावे लागते, कारण सोडल्यावर ते थोडे मागे येते. तार एकदा वाकवून सरळ केली की त्या जागी ती कडक होते आणि पुढे तेथेच तुटते. नळीचेही तेच होते. जोर कमी लागावा म्हणून गॅसच्या ज्योतीने नळी लाल केली, तर शेजारच्या वेल्डिंगच्या पट्ट्यातला धातू बदलतो आणि त्याची ताकद किती उरली हे बाहेरून सांगता येत नाही. सुरकुतलेल्या जागेवर पट्टी वेल्ड करणे त्याहून वाईट, कारण खालचा तडा झाकला जातो आणि नवा ताण पट्टीच्या कडेला गोळा होतो.

यावरून माझा निर्णय असा आहे. मोजमाप निरोगी गाडीशी जुळले, धातूला तडा नाही आणि नळीवर सुरकुती नाही, तर चेसिस तशीच ठेवावी आणि पुढचे सर्व भाग नवे घालावेत. साध्या पोलादी नळ्यांच्या चेसिसमध्ये फरक थोडा असेल आणि सुरकुती किंवा तडा नसेल, तर चेसिस पूर्ण मोकळी करून, जिगवर, म्हणजे माप पक्के धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, घट्ट बांधून, न तापवता, प्रत्येक पायरीला मोजत सरळ करणारा कारागीर मिळाला तरच ती दुरुस्ती स्वीकारावी, आणि कामापूर्वीची व नंतरची मापे त्याच्याकडून लिहून घ्यावीत. ॲल्युमिनियमच्या चेसिसला ही सवलत नाही, कारण तिची ताकद कारखान्यात दिलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते आणि वेल्डिंगने ती जाते. हेडच्या जोडाला तडा किंवा समोरच्या नळीला सुरकुती असेल तर मात्र चेसिस बदलावी किंवा गाडी मोडीत काढावी. तेथे तिसरा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. आपण वर्णन केलेले तडे पाहता आपली गाडी याच गटात मोडेल असे मला वाटते.

आता विमा. पहिले काम म्हणजे आपल्या पॉलिसीत ‘ओन डॅमेज’चा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का, हे पाहणे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, आणि त्यामुळे अनेक जण गाडीला पाच वर्षांचा पूर्ण विमा आहे असे समजून चालतात. प्रत्यक्षात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा पहिल्या वर्षापुरताच असतो आणि नंतर दरवर्षी वेगळा घ्यावा लागतो. आपण वाचलेली आयडीव्ही जर पहिल्या वर्षाच्या कागदावरची असेल, तर आज तिचा उपयोग नाही. विमा चालू असेल तर आजच्या आज लेखी कळवावे आणि उशिराचे कारण म्हणून उपचाराची कागदपत्रे जोडावीत. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये, असे विमा नियामकाने कंपन्यांना २०११ मध्येच कळवलेले आहे. गाडी उघडलेली नाही हे आपण फार चांगले केले. सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी एकही बोल्ट सोडू देऊ नये, आणि टाकीखालचे तडे त्यांना स्वतः दाखवून अहवालात नोंदवून घ्यावेत.

तीन ते चार वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर २५ टक्के आणि प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, मजुरीवर कापला जात नाही. समजा ३८,००० पैकी २६,००० धातूचे भाग, ६,००० प्लास्टिक-रबर आणि ६,००० मजुरी आहे. तर ६,५०० आणि ३,००० असे ९,५०० रुपये आणि सक्तीचे १०० रुपये आपल्याकडे येतील, आणि कंपनी सुमारे २८,४०० देईल. झीरो डेप्रिसिएशनचे, म्हणजे घसारा न कापण्याचे, संरक्षण घेतलेले असेल तर आपला वाटा आणखी कमी होईल. आणखी एक सीमा लक्षात ठेवावी. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, म्हणजे आपल्या बाबतीत ४५,००० च्या वर, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. चाक इंजिनाला टेकले असल्याने इंजिनाचे कव्हर किंवा ते बसवण्याचे कान तडकलेले निघू शकतात आणि अंदाज सहज वाढतो. तसे झाले तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. गाडी कायमची निकामी ठरली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, आरटीओला कळवून नोंदणी प्रमाणपत्र परत करावे.

विमा नसेल तर निर्णय कठीण आहे, हे मी जाणतो. तरीही ३८,००० खर्च करणे शक्य नसेल, तर इंजिन, चाके, मीटर असे चांगले भाग पावतीने विकून गाडी मोडीत काढावी असेच मी सांगेन. वडिलांच्या सल्ल्यामागे घराची काळजी आहे. परंतु ओढून सरळ केलेली आणि रंगवलेली चेसिस ज्याला विकली जाईल, तोही कोणाला तरी मागे बसवून घाट उतरणार आहे, आणि त्याला टाकीखालचे तडे कधी दिसणार नाहीत.

प्रश्न : माझ्या गाडीची चेसिस बदलणे भाग आहे. कंपनीकडून नवी यायला दोन महिने लागतील असे डीलर सांगतो. भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलची सरळ चेसिस आहे आणि तिच्यावरचा नंबर घासून माझा नंबर ठोकून देण्याची त्याची तयारी आहे. इंजिन माझेच राहणार असल्याने यात काही गैर आहे का?
एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : होय, गैर आहे, आणि कृपया हे करू नये. कायद्याच्या दृष्टीने गाडीची ओळख तिच्या चेसिस नंबरात असते. बहुधा हेडवर कोरलेला हा सतरा अक्षर-अंकांचा नंबर घासणे म्हणजे ओळख खोटी करणे. ती चेसिस चोरीच्या गाडीची निघाली तर उत्तर आपल्याला द्यावे लागेल. पुढे कधी अपघात झाला तर सर्व्हेअर कागद ठेवून पेन्सिलीने नंबरचा छाप घेतो, आणि हाताने ठोकलेले आकडे त्या छापात लगेच उघडे पडतात. दावा तेथेच संपतो. याखेरीज साधा विचारही करावा: सरळ दिसणारी चेसिस भंगारात का आली, हे विक्रेता सांगू शकत नाही. ती एकदा ओढून सरळ केलेली असली, तर पहिल्या उत्तरात लिहिलेले सारे धोके आपण पैसे देऊन विकत घेत आहात.

वैध मार्ग थोडा लांब आहे, पण अवघड नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा गाभा असा की नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने परस्पर करू नये. म्हणून परवानगी आधी आणि काम नंतर, हा क्रम मोडू नये. गाडी एमएच-१५ ची असेल तर पेठ रोडवरील आरटीओ कार्यालयात, आणि एमएच-४१ ची असेल तर मालेगावच्या कार्यालयात लेखी अर्ज करावा. सोबत अपघाताचे फोटो, सर्व्हेअरचा अहवाल आणि डीलरचे पत्र द्यावे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती घ्यावी. नव्या चेसिसचे बिल स्वतःच्या नावाने घ्यावे. जुनी चेसिस कापून नष्ट केल्याची नोंद ठेवावी, म्हणजे तिचा नंबर दुसऱ्या कोणाच्या हाती लागणार नाही. काम झाल्यावर निरीक्षकाकडून तपासणी, प्रमाणपत्रात नोंद आणि शेवटी विमा कंपनीला कळवून पॉलिसीतही दुरुस्ती, एवढे सर्व पूर्ण होईपर्यंत गाडी बाहेर काढू नये. दोन महिने शहर बसने किंवा शेअर रिक्षाने जाणे त्रासाचे आहे, तरी तो त्रास स्वीकारावा.

प्रश्न : द्राक्षांची कॅरेट वाहून माझ्या गाडीच्या सीटखालचा मागचा भाग खाली झुकला आहे आणि एका जोडाला तडा गेला आहे. हीसुद्धा चेसिसच आहे, मग तीही बदलावी लागेल का?
एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : बहुधा नाही. सीटखालची शेपटी माणसांचे आणि मालाचे वजन पेलते, पण दोन चाके एका रेषेत ठेवण्याचे काम ती करत नाही. तडा मागच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टाच्या पाठीमागे, म्हणजे टेललाइटच्या बाजूला असेल, तर ती न तापवता सरळ करून वेल्ड करता येते. काही मॉडेलांत तर हा भाग बोल्टने जोडलेला असतो आणि सुटा मिळतो, तेव्हा डीलरकडे आधी तशी चौकशी करावी. वेल्डिंग करताना तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. शक्य असेल तेथे नळीच्या आत घट्ट बसणारा तुकडा घालावा. आणि काम सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात होणारे) वेल्डिंग करणाऱ्याकडून करून घ्यावे. टाकी उतरवून दूर ठेवणे आणि बॅटरीच्या तारा काढणे अनिवार्य आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतरची गाडी असेल तर इंजिनाच्या कंट्रोल युनिटचा कपलरही काढावा, अन्यथा वेल्डिंगच्या प्रवाहाने ते बिघडू शकते.

तडा शॉकअप बसतो त्या कानाला किंवा चिमट्याच्या बोल्टाजवळ असेल, तर मात्र त्याला हेडच्या तड्याइतकेच गंभीर समजावे आणि वेल्डिंग करू नये. दोन्हीपैकी काहीही असले तरी एका वेळी लादली जाणारी कॅरेट कमी करणे आवश्यक आहे, कारण तडा वजनाने पडला आहे आणि वजन तेच राहिले तर तो वेल्डच्या शेजारी पुन्हा पडेल. द्राक्षांचा हंगाम चालू असेतोवर दर आठवड्याला सीट काढून तो जोड फडक्याने पुसून पाहावा, आणि रंगाखालून गंजाची बारीक रेघ दिसू लागली तर त्याच दिवशी माल वाहणे थांबवावे.